शर्यतीच्या बैलाला अ‍ॅव्हरेज विचारतं का कुणी?

कान्हे फाट्यावर कुणी जुनी, पण जातिवंत जर्मन सेडान आणून उभी केली, तर बोनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न येणार : अ‍ॅव्हरेज किती देते? शेजारच्या चाकणला २००९ पासून मर्सिडीज तयार होतात, तळेगावला जनरल मोटर्स आली नि गेली, आणि तिच्या जागेत आता ह्युंदाई आहे. एवढ्या गाड्या डोळ्यांसमोर बनत असूनही मावळ तालुक्यात गाडीची लायकी अजून लिटरवरच मोजली जाते. या प्रश्नाने अनेक होतकरू गिऱ्हाइकांचा हात आखडतो. आमच्या मते तो आखडायचं काही कारण नाही. वापरलेली स्पोर्ट्स सेडान पेट्रोल पिते म्हणून नाकारणं म्हणजे तिच्या सगळ्यात स्वस्त खर्चावर ठपका ठेवणं आहे.

उदाहरणाला बीएमडब्ल्यूची २००५ साली आलेली एम-५ घेऊ. पाच लिटरचं, दहा सिलिंडरचं इंजिन, ५०७ अश्वशक्ती, शून्यावरून शंभराचा वेग ४.७ सेकंदांत. कंपनीच्या युरोपीय चाचणीत तिला शंभर किलोमीटरला १४.८ लिटर लागले, म्हणजे लिटरला पावणेसात किलोमीटर. अमेरिकी सरकारच्या चाचणीने तिला जेमतेम साडेपाचवर आणलं. आपण साडेपाचच धरू, कारण विक्रेता धरणार नाही. वर्षाला सहा हजार किलोमीटर आणि लिटरला १०४ रुपये असा हिशेब केला, तर पेट्रोलचे होतात सुमारे १ लाख १३ हजार. लिटरला वीस देणाऱ्या छोट्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी ३१ हजार पुरतात. फरक ८२ हजारांचा. ज्या आकड्याने अख्खा फाटा हळहळतो, तो आकडा एवढाच.

आता बाकीचं बघा. या गाडीला पुढे २५५ आणि मागे २८५ रुंदीचे टायर लागतात, त्यामुळे पुढचे मागे फिरवून वर्ष ढकलायची सोय नाही. चारांचा संच घ्यायचा तर लाखाची तयारी ठेवावी. एका वेळी नऊ लिटरहून जास्त ऑइल लागतं, आणि तेही १०डब्ल्यू-६० जातीचं, जे कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळत नाही. प्लग दहा. इंजिनच्या पोटातली कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं ही या मॉडेलची जगजाहीर दुखरी नस. ती अकाली झिजतात, आणि वेळेत बदलली नाहीत तर इंजिनच बदलायची वेळ येते. शिवाय परदेशातून आणलेल्या चारचाकीने विशी ओलांडली की नोंदणीच्या नूतनीकरणाची फी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ८० हजार रुपये केली. वर्षभराच्या पेट्रोलच्या ज्या फरकावर एवढा काथ्याकूट झाला, तो एका शिक्क्यात जमा. पण बेअरिंगचं अ‍ॅव्हरेज किती, हे फाट्यावर कुणी विचारत नाही. विचारलं तरी त्याला आकडा नाही, आणि ज्याला आकडा नाही तो खर्च आपल्याकडे खर्चात धरत नाहीत.

यावर शहाणी मंडळी म्हणतील, मग घ्यावीच कशाला? त्यांनी मावळातल्या बैलगाडा शर्यतीकडे बघावं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना सशर्त वाट करून दिली आणि मे २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून नामांकित बैलांच्या किमती लाखांत बोलल्या जातात. तो बैल नांगराला जुंपत नाहीत. त्याचा खुराक घरातल्या माणसांच्या ताटाहून भारी असतो. तरीही शर्यतीच्या घाटात उभा राहून ‘हा किलोमीटरला कडबा किती खातो?’ असं विचारायची कुणाची छाती नाही. तिथे एकच चौकशी, सेकंद किती लागले. सेकंदांसाठी जन्मलेल्या बैलाला जो न्याय, तोच सेकंदांसाठी बनवलेल्या गाडीला का नाही? बैलाला निदान पळायला घाट मिळतो, हा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

कान्ह्याहून एम-५ पळणार कुठे? जुन्या महामार्गावर वडगावकडे जा किंवा कामशेतकडे, पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि मधल्या फटीतून उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार. टाकव्याच्या रस्त्याला वळलात तर बुटक्या गाडीचं पोट गतिरोधकावर आधी पोहोचतं, चाकं मागाहून. द्रुतगती मार्गावर चढायचं तर तळेगाव गाठा किंवा लोणावळा, टोल भरा, आणि सपाटीवर ताशी १०० च्या मर्यादेत चला. वर कॅमेरे आहेत आणि त्यांच्याशी ओळख सांगून भागत नाही. ताशी २५० ला कंपनीनेच लगाम घातलेली गाडी शंभराला दामटायची. टीकाकार याला उधळपट्टी म्हणतात. आम्हाला यात संयम दिसतो. ज्याच्याकडे वेगच नाही त्याने मर्यादा पाळली, यात कसलं आलं पुण्य?

इंधनाच्या दर्जाबद्दलही कुरबुर होते, आणि ती अगदीच खोटी नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून जुन्या धाटणीच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे. म्हणजे आमचे साडेपाच पाचाच्या जवळ आले. पण त्यातलं काही इथेनॉल उसाचं. लिटरला वीस देणारा काटकसरी माणूस उसाला असा कितीसा हातभार लावतो? एम-५ चा मालक त्याच्या जवळपास चौपट लावतो, तेही अनुदान न मागता. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत अशा मंडळींचा नारळ देऊन सत्कार व्हायला हवा.

शेवटचा आक्षेप लोकलचा. कान्हे स्टेशनात पुणे-लोणावळा लोकल थांबते आणि चाळीसेक किलोमीटरवरच्या पुण्याला सुट्ट्या पैशांत पोहोचवते. त्याच प्रवासाला एम-५ आठशेच्या आसपास पेट्रोल जाळते. तुलना बिनतोड आहे. फक्त दुपारी लोकलला जो मोठा खंड पडतो, त्या वेळात स्टेशनवर बसलेल्या माणसाला ती ऐकवून बघावी. अर्थात त्या वेळेत एम-५ सुद्धा निघेल याची खात्री नाही, कारण ती बहुधा गॅरेजात असेल. पण गॅरेजातली गाडी पेट्रोल अजिबात पीत नाही, आणि आमचा मूळ मुद्दा पेट्रोलचाच होता.

एवढं ऐकूनही ज्यांना अ‍ॅव्हरेजची धास्ती वाटते, त्यांची सोय खुद्द कंपनीने करून ठेवली आहे. ही गाडी चालू केली की ५०७ पैकी ४०० च अश्वशक्ती हाती देते. उरलेले १०७ घोडे हवे असतील तर बटण दाबावं लागतं. म्हणून जुनी एम-५ तपासताना क्लच बघा, बेअरिंगचं बिल मागा, मागच्या टायरांची नक्षी बोटाने चाचपा. गाडी वडगाव-कामशेत पट्ट्यातच वापरलेली असेल, तर बटण तेवढं तपासायची गरज नाही. ते कोरं करकरीत निघेल.