स्वस्तातली शर्यत

मित्राने ‘स्वस्तात’ रेस कार बनवायला घेतली आहे. जुनी प्रीमियर पद्मिनी: 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. गाडी फुकटातच पडली म्हणे. मग कुर्ल्याच्या भंगारबाजारातून कार्ब्युरेटर आला. तो बसेना म्हणून मॅनिफोल्ड आला. वजन घटवायला मागची सीट, गालिचे उतरवले. रोल केजने ते सव्याज परत चढवलं. ब्रेकचं काम मात्र पुढच्या महिन्यात. आधी पळू दे, थांबायचं नंतर बघू! चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एकेकाळी अशाच फियाट शर्यतीत पळायच्या, हे तो रोज ऐकवतो. ही अजून सोसायटीच्या गेटपर्यंतही पोचलेली नाही. वहिनी रिक्षाने ऑफिसला जातात. त्या वेळेवर पोचतात.