सेगाव, शेगाव आणि मधली रेघ

सकाळी साडेसातला फोन वाजला. पुण्याहून निघालेला इंजिनिअर बोलत होता. "सर, पोचलो बरं का. स्टेशनवर गर्दी फार आहे हो. आणि सगळे एकमेकांना माउली म्हणताहेत."

वर्ध्यात सकाळी साडेसातला कोणी कोणाला माउली म्हणत नाही. काय बे म्हणतात. मला शंका आली. म्हटलं, "जरा पाटी वाचा."

"शेगाव."

तिकीट काढताना त्यानं एस-ई-जी एवढी तीन अक्षरं टाकली आणि पहिलं आलं ते निवडलं. शेगावचा रेल्वेचा कोड एसईजी, सेवाग्रामचा एसईजीएम. एका 'एम'पायी माणूस दोनशे किलोमीटर अलीकडेच राहिला. आणि तो येत होता आम्हाला कोड बिनचूक कसे टाकावेत हे शिकवायला!

त्याला मी फार बोललो नाही. या घोटाळ्यात भलेभले सापडले आहेत. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहायला आले तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. त्यांची पत्रं बुलढाण्याकडच्या शेगावला जायची. शेवटी १९४० साली गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. पोस्टानं पिनकोड आणला १९७२ साली. म्हणजे आधी नाव बदललं आणि आयडी आला बत्तीस वर्षांनी. आज सेवाग्राम ४४२१०२ आणि शेगाव ४४४२०३. पत्र चुकायची सोय राहिली नाही. माणसं चुकतात.

मी वर्ध्यातल्या एका कॉलेजात संगणक सांभाळतो. म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यापासून प्राचार्यांच्या मोबाइलमधला आवाज वाढवून देण्यापर्यंत सगळं. गेल्या महिन्यात सरांनी बोलावलं. "पोट्टे तासात रील्स पाहून राहिले. बंद करून टाक. पण जीमेल चालू पाहिजे. युनिव्हर्सिटीचे पत्रं त्याच्यावर येतात."

हे ऐकायला सोपं. आधी आम्ही पत्ते बंद करायचो. पण यूट्यूबचं घर एका दाराचं नाही. पान एका पत्त्यावरून येतं, चित्रं वायटीआयएमजी डॉट कॉमवरून, आणि खरा व्हिडिओ गूगलव्हिडिओ डॉट कॉमवरून. समोरचं दार लावावं तर परसदारानं वरात चाललेली. म्हणून कॉलेजनं क्लाउडवरची एक नवी व्यवस्था घेतली. ती पत्ता बघत नाही, अ‍ॅप ओळखते. कोणी, कोणतं अ‍ॅप, चालू की बंद, एवढं सांगायचं. पडद्यावर हे टिकमार्क करून होतं. पण आमचे विभाग, लॅब, होस्टेल मिळून नियम झाले चाळीस, आणि चाळीस नियम फाइलमधून एकदम चढवायचे तर अ‍ॅपचं नाव चालत नाही, आयडी लागतो.

आयडी म्हणजे अ‍ॅपचं कागदोपत्री नाव. सगळी अक्षरं कॅपिटल, मध्ये अंडरस्कोर. सरांनी विचारलं, "मधात जागा सोडली तर?" म्हटलं, चालत नाही सर, रेघच पाहिजे. "इतकी कायची रेघ बे?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या सकाळी इंजिनिअर पोचेपर्यंत मीच जीमेलपासून सुरुवात केली. यादीत 'जीमेल' शोधलं: शून्य. 'गूगल मेल' शोधलं: शून्य. स्पेलिंग बदलून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. ज्याला अख्खं जग जीमेल म्हणतं त्याचा त्या यादीत पत्ता नाही. ट्विटरचं २०२३ साली एक्स झालं, यादीत मात्र ते अजून ट्विटरच. त्यात नवल काय म्हणा. आमच्या गल्लीतही ज्याला सगळे बंड्या म्हणतात त्याच्या रेशनकार्डावर भलतंच नाव निघतं.

शेवटी शेगावला फोन लावला. पुढच्या गाडीला वेळ होता आणि इंजिनिअरच्या तोंडात कचोरी होती. "वेव्वेव बघा," तो म्हणाला. घास गिळून पुन्हा म्हणाला, "वेबमेल." खरंच, जीमेलचा आयडी निघाला 'गूगल_वेबमेल'.

मग त्यानं युक्ती सांगितली, आणि तेवढ्यासाठी त्याच्या सगळ्या कचोऱ्या माफ. यादीत शोधत बसायचंच नाही. पडद्यावर एक नियम हातानं करायचा, हव्या त्या अ‍ॅपवर टिक करायची, सेव्ह करायचं. मग एपीआयला, म्हणजे व्यवस्थेशी प्रोग्रामनं बोलायच्या दाराला, म्हणायचं, आत्ता केलेला नियम वाचून दाखव. ते वाचताना यंत्र आपसूक खरा आयडी बोलून जातं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव सरळ विचारलं तर घेत नसत, उखाण्यात मात्र ठसक्यात घेत. तसंच हे. दुपारपर्यंत मी छत्तीस उखाणे घेववले.

सदतिसाव्यात घात झाला. त्यात अ‍ॅपची यादी भरायची राहून गेली. पंगतीत ज्याचं नाव नाही तो उपाशी राहतो, असा माझा समज. इथला न्याय उलटा. रिकामी यादी म्हणजे 'कोणीही'. नियम होता 'बंद करा'. सबंध कॉलेज बंद झालं. होस्टेलमधून असा आवाज उठला की वाटलं भारत सामना हरला. मी धावत जाऊन तो नियम काढला, पण वीस मिनिटं गेलीच.

पोट्ट्यांना मात्र काही फरक पडला नसावा. त्यांच्याकडे व्हीपीएन असतो. आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे वर्धेकराला व्हीपीएन समजावून सांगावा लागत नाही. पुलगावचा पूल ओलांडला की पलीकडे अमरावती जिल्हा. बस, तोच व्हीपीएन. व्यवस्थेच्या यादीत 'मद्य आणि तंबाखू' असाही एक गट आहे. तो बंद करताना मला उगाच हसू आलं. बंदी आहेच, म्हटलं, आणखी एक राहू दे.

संध्याकाळी सरांचा फोन. "माझं विनोबांचं प्रवचन लागून नाही राहिलं." मग सरांसाठी अपवादाचा नियम केला. त्याला सर परमिट म्हणतात. मग क्रीडा विभागाला क्रिकेटचं परमिट, अकाउंट्सला कशाचं ते त्यांनी सांगितलं नाही. दिवेलागणीपर्यंत परमिटं अकरा झाली.

तेवढ्यात इंजिनिअर आला, हातात कचोरीचा पुडा घेऊन. फाइल बघितली, "छान झालंय," म्हणाला, कचोरी पुढे केली. दहा मिनिटांत त्याचं काम संपलं. परतीचं तिकीट काढून द्या म्हणाला. साइट उघडेना. नोंद बघितली तर अडवणारा नियम एकोणिसावा. सकाळी मीच केलेला. बाराव्या परमिटाला सरांची सही लागणार आणि सर घरी गेलेले.

शिपाईकाका दारात उभे राहून सगळं ऐकत होते. "आणा पैसे," ते म्हणाले, "मी खिडकीवरून काढून आणतो." फॉर्मसाठी माझा पेन घेतला, दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "पण कुठून लिहू? सेवाग्राम, का स्टेशनचं जुनं नाव, वर्धा ईस्ट?"