‘तुझं अक्षर छान आहे!’

28 फेब्रुवारी. शाळेशाळेत राष्ट्रीय विज्ञान दिन. टेबलावर सी. व्ही. रामन यांची तसबीर, दारात रांगोळी. रांगोळी कोणी काढली, हे विचारायला हवं का?

प्रदर्शनात मॉडेल समजावून सांगतो मुलगा. पाहुण्यांना गुलाबपुष्प देते मुलगी.

याच रामन यांनी 1933 मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत कमला भागवतांना प्रवेश नाकारला होता. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिली आलेली विद्यार्थिनी! कारण एकच, ती मुलगी होती. कमलाबाई हटल्या नाहीत. प्रवेश मिळाला, तोही अटी घालून. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्याच या कमला सोहोनी. पुढे रामन यांनी इतर मुलींनाही प्रवेश दिला.

म्हणजे रामन बदलले. आपण?

नववीचं प्रात्यक्षिक बघा. ओहमचा नियम. टेबलाभोवती पाच-सहा जण आणि ॲमीटर एक. तारा जोडायला मुलगे पुढे सरसावतात. बाई मागच्या मुलीला सांगतात, “अगं, तू रीडिंग लिहून घे, तुझं अक्षर छान आहे.” बाई मनापासून कौतुक करतात. पण त्या कौतुकापायी वर्ष सरतं आणि तिचा हात काही ॲमीटरला लागत नाही.

दहावीला विज्ञानाचे 80 गुण लेखी, 20 प्रात्यक्षिकाचे. तिचं जर्नल नेटकं, आकृत्या सुबक, गुण पक्के. निकालाच्या दिवशी ‘यंदाही मुलींचीच बाजी’ छापून आलं की सगळे निर्धास्त.

मग आयआयटीच्या बी.टेक.ला मुली दहा टक्केसुद्धा का नव्हत्या? 2018 पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढाव्या लागल्या, त्या कशामुळे?

बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर भाजी निवडणारे बाबा आणले. फार चांगलं केलं. पण पुस्तकातलं चित्र पालटलं, तरी प्रयोगशाळेतलं तसंच आहे.

ते पालटायला ना अनुदान लागतं, ना शासन निर्णय. पाळी लावा. आज तारा ती जोडेल, रीडिंग तो लिहील. पुढच्या तासाला उलट. काटा शून्याच्या मागे गेला, तर लगेच शेजारच्या मुलाला हाक मारू नका. बाई, दोन मिनिटं थांबा. ॲमीटरची टोकं उलटी जोडलीत, हे तिचं तिला सापडू द्या.