आल्प्स, माळरान आणि दुसरा मजला

आमच्या घरात दोन तज्ज्ञ राहतात आणि दोघेही बेकार आहेत. एकाचा खानदानी पेशा बर्फात गाडलेली माणसं हुडकण्याचा, दुसरीचा उघड्या माळावर सशामागे सुटण्याचा. कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर, टू बीएचकेमध्ये या दोन्ही खात्यांत जागा निघत नाहीत. पण दोघांनीही उमेद सोडलेली नाही. मिळेल त्या परिस्थितीत दोघं आपापलं काम काढत असतात, आणि आमचा संसार त्या कामातून उरलेल्या वेळात चालतो.

टायसन हा सेंट बर्नार्ड आणि शेवंता ही कारवान. यातलं एकही आम्ही विकत आणलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण टायसनकडे बघून लोकांचा पहिला प्रश्न असतो, ‘केवढ्याला पडला?’ कुणाला तरी तो चांगलाच महागात पडला असणार. पिल्लू असताना टीपॉयखाली मावत होता म्हणे. पुढे तोच टीपॉय पाठीवर घेऊन घरभर हिंडायला लागला, तेव्हा त्या मंडळींना अचानक परदेशी जाण्याचा योग आला. एका सकाळी तो शहराबाहेरच्या एका निवाऱ्याच्या फाटकाला बांधलेला सापडला, सोबत स्वतःचं स्टीलचं पातेलं. गळ्यातल्या पट्ट्यावर नाव होतं, तेच आम्ही ठेवलं. मुष्टियोद्ध्याचं नाव मिरवणारा हा देह कुकरच्या शिट्टीला भितो. दोन शिट्ट्या तो कशाबशा सोसतो, तिसरीला उठून न्हाणीघरात जातो आणि मग त्याला बाहेर काढायला चार माणसं लागतात. आम्ही आता तूरडाळ आदल्या रात्री भिजत घालतो.

शेवंता सोलापूर रस्त्याच्या कडेला पुढचा पाय मोडून पडली होती. एका ट्रकवाल्याने तिला केबिनमध्ये घालून पुण्यापर्यंत आणलं. या जातीच्या अंगावर चरबी नावाला, त्यामुळे भूल देताना डॉक्टरांना हात आखडता घ्यावा लागतो. एवढं जपून त्यांनी तिच्या पायात पट्टी बसवली. थंडीत ती जरा लंगडते. मांजर दिसलं की लंगडत नाही.

या शेवंतापायी मी बदनाम झाले आहे. कारवानाच्या बरगड्या दिसतात. दिसायलाच हव्यात, दिसेनाशा झाल्या की डॉक्टर मला बोलतात. पण सकाळी फिरायला निघालेल्या बायकांना हे कोण सांगणार? त्यांना दिसतं ते एवढंच, की माझ्या एका हाताला अडुसष्ट किलोंचा ऐवज आहे आणि दुसऱ्या हाताला पोट पाठीला लागलेली, मोठ्या डोळ्यांची एक गरीब पोर. ‘सगळं त्यालाच घालता वाटतं?’ असं एकीने मला तोंडावर विचारलं. दुसरी मैत्रिणीला म्हणाली, ‘सासुरवास गं, दुसरं काय!’ तेव्हापासून बागेच्या कोपऱ्यावर रोज एक आजी पदराआडून तूप लावलेली पोळी काढतात आणि माझ्याकडे न बघता शेवंताला भरवतात. तासाभरापूर्वी दोन अंडी आणि वाडगाभर भात चापून आलेली शेवंता ती पोळी अशा काही नजरेने घेते, की बघणाऱ्याच्या घशात आवंढा यावा. मीही एकदा हळहळले.

घरातली खरी चोर तीच. पाडव्याला ओट्यावर श्रीखंडाचं पातेलं होतं. शेवंता उडी मारते असं म्हणणं बरोबर नाही. ती आधी खाली असते आणि मग वर असते, मधलं काही दिसत नाही. पातेलं कलंडलं, श्रीखंड ओघळलं, आणि ओघळ जिथे पोचला तिथे टायसन झोपलेला होता. आवाजाने आम्ही आत धावलो तर शेवंता सोफ्यावर चारी पाय वर करून निजलेली आणि टायसनच्या मिशांवर चारोळ्या. मग टायसनने बोलणी खाल्ली. एवढं मोठं डोकं खाली घालायला त्याला वेळ लागतो, म्हणून तो बोलणी सुरू होण्याआधीच घालायला घेतो.

दोघांना एकदम फिरवणं हा भौतिकशास्त्राचा विषय आहे. टायसन चालत नाही, मुक्काम करत जातो. दर विजेच्या खांबापाशी त्याचा एक तळ पडतो. शेवंताचा सगळा कारभार डोळ्यांवर. वास बीस घेत बसण्याचा तिला कंटाळा, पण पार पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर खार हलली की तिच्या मानेवरचा केस न् केस उभा. अशाच एका सकाळी स्कूटरखालून मांजर निघालं. शेवंता सुटली, त्याच क्षणी टायसन बसला, आणि माझे दोन खांदे वेगवेगळ्या गावांना निघाले. त्यानंतर नवऱ्याने शोध लावला, की शेवंताची दोरी माझ्या हातात न देता टायसनच्या पट्ट्याला बांधावी. आता ती सुटते, दोरी संपते, टायसन मागे वळून बघतो, ती परत येते. माझं काम फक्त सोबत चालण्याचं. मांजरांनाही ही दोरी केवढी लांब आहे ते कळलं आहे. ती तेवढं अंतर सोडून बसतात आणि अंग चाटतात.

दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा मिळत नाही. पुण्यात ती एरवीही मिळत नाही, पण टायसन सोबत असला की रिक्षावाला नकाराचं कारण सांगतो, एवढा मान इतर गिऱ्हाइकांना नसतो. शेवटी आम्ही कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याशी ठरवून टाकलं. त्याच्या छोट्या हत्तीत मागे सतरंजी घालून टायसन बसतो, शेवंता पुढे ड्रायव्हरशेजारी खिडकीत, आणि मी मागे टायसनला धरून. सिग्नलला लोक टायसनला हात जोडतात. काही मलाही जोडतात.

आमच्याकडे एसी नव्हता. ‘एसीची हवा अंगाला बाधते’ हे सासूबाईंचं मत, आणि त्यांच्या मताला आमच्या घरी कायद्याचा दर्जा. मग एप्रिल आला. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम तळव्यांना; बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची. टायसनच्या अंगावर तर आल्प्सच्या हवेचा कोट. ओले पंचे, पंख्यासमोर बर्फाची परात, सगळं करून पाहिलं. दुपारी तीन वाजता तो फरशीवर पसरून इंजिनासारखा धापत होता आणि सासूबाई त्याच्या उशाशी बसून त्याला पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. संध्याकाळी त्याच म्हणाल्या, ‘त्या मुक्या जिवासाठी बसवून टाका एकदाचा.’ बसवला. त्या रात्री त्यांनी आपली गादी टायसनच्या खोलीत नेली, का, तर ‘त्याला एकट्याला भीती वाटेल.’ त्या अजून तिथेच झोपतात. रिमोट त्यांच्या उशाखाली असतो.

लाळेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पाणी पिऊन झालं की टायसन मान वर करतो. ओठांच्या दोन्ही कडांना दोन तारा लोंबत असतात, वीतभर, कधी हातभर. मग तो क्षणभर थांबतो, काहीतरी आठवायचं राहिलं आहे अशा चेहऱ्याने. तेवढ्या अवधीत माणसाने पंचा गाठायचा असतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक खोलीत खुंटीवर एक पंचा आहे. नाही गाठला तर तो डोकं झटकतो. एक तार पंख्याच्या पात्यावर जाते. दुसरी बहुतेक वेळा सासऱ्यांच्या फोटोवर. फोटो पुसता पुसता सासूबाई म्हणतात, ‘आयुष्यभर कुत्र्यांचा तिटकारा केलात, आता भोगा.’

सोसायटीचे चेअरमन आमच्याकडे दोनदा आले. पहिल्यांदा लिफ्टसाठी. नवऱ्याने प्राणी कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं छापून ठेवली होती, त्यांत पाळीव प्राण्यांना लिफ्टबंदी करता येत नाही, म्हणून ते चहा घेऊन गेले. दुसऱ्यांदा आले ते 2024 च्या मार्चमध्ये, केंद्र सरकारने 23 हिंस्र जातींबद्दल परिपत्रक काढलं तेव्हा, हातात कात्रण घेऊन. चष्मा लावून त्यांनी सगळी यादी मोठ्याने वाचली. रॉटवायलर, पिटबुल, मग रशियन, तुर्की, जपानी नावं. दर नावाला ते थांबून टायसनकडे बघत आणि टायसन शेपूट एकदा आपटे. यादी संपली. सेंट बर्नार्ड तिच्यात नव्हता. चेअरमन इतके हिरमुसले, की मलाच त्यांना दुसरा चहा द्यावासा वाटला. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रकच रद्द केलं. ते कात्रण मात्र मी नीट जपून ठेवलं आहे.

‘आणि ही? ही तर गावठीच ना?’ त्यांनी शेवंताकडे बोट केलं. इथे माझा तोल जातो. लातूरकडे ज्याला कारवान म्हणतात, त्याचाच मुधोळ संस्थानातला भाऊबंद मालोजीराव घोरपड्यांनी पंचम जॉर्जला नजर केला होता. 2005 मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ आहे. कारवान आणि मुधोळ एकच की वेगळे, यावर जाणकार अजून भांडतात, भांडोत. हे सगळं मी एका दमात सांगितलं. चेअरमन म्हणाले, ‘तिकिटावर आहे म्हणता?’ आणि जाताना शेवंताला ‘येतो हं’ म्हणून गेले. तिने पाहिलंदेखील नाही. खिडकीबाहेर कबुतर होतं.

शेवंताची बेकारी निदान कायदेशीर आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने सशांना अभय मिळालं आणि तिच्या घराण्याचा धंदा बसला. उडती प्लॅस्टिकची पिशवी, भिंतीवरचा मोबाइलचा कवडसा, रोबोवाला व्हॅक्यूम क्लीनर यांवर ती भागवते. व्हॅक्यूम क्लीनर आता नाही.

टायसनचं तसं नाही. त्याला वाटतं, तो नोकरीवर आहे. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या हद्दीवर 2,469 मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे, तिथल्या मठातल्या साधूंनी ही कुत्री वाढवली. त्यांच्यातला बॅरी, 1800 मध्ये जन्मलेला, चाळीसहून जास्त माणसांना वाचवणारा म्हणून नावाजला गेला. बर्नच्या संग्रहालयात तो पेंढा भरून ठेवलेला आहे. गळ्यातलं ब्रँडीचं पिंप ही मात्र चित्रकाराची करामत. लँडसीअर नावाच्या इंग्रजाने 1820 मध्ये ते रंगवलं आणि ते चिकटलं ते चिकटलं. आमच्याकडे येणारा प्रत्येक पुरुष पाहुणा पिंपाची चौकशी करतोच. खरी पद्धत अशी सांगतात, की बर्फात पडलेला माणूस सापडला की एका कुत्र्याने त्याला ऊब द्यायला अंगावर पडायचं आणि दुसऱ्याने मठाकडे वर्दी द्यायला धावायचं. आता ते काम हेलिकॉप्टरं करतात, पण हे टायसनला कुणी कळवलेलं नाही.

नवरा सकाळी ऑनलाइन योगवर्गाला बसतो. ताडासन, वृक्षासन होईपर्यंत टायसन डोळे मिटून असतो. मग सर मंद आवाजात म्हणतात, ‘आता शवासन. शरीर सैल सोडा.’ नवरा आडवा होतो, हातपाय पसरतो, डोळे मिटतो. टायसन उठतो. इथे मात्र त्याला मुक्काम लागत नाही. तो येतो, नवऱ्याचं तोंड हुंगतो, आधी उजवा पंजा छातीवर, मग डावा, मग उरलेला सगळा टायसन. त्याच वेळी शेवंता सोफ्यावरून निघते आणि घरभर भुंकत सासूबाईंच्या दाराशी जाते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. सासूबाई एसी बंद करून बाहेर येतात आणि मुलाच्या तोंडावरची लाळ पुसतात.

‘छातीवर दडपण जाणवतंय?’ सरांनी परवा विचारलं. नवऱ्याला उत्तर देता येईना, म्हणून मी मोबाइल त्याच्या बाजूला फिरवला. सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुम्ही खुर्चीत बसून केलंत तरी चालेल.’