फ्रीझरला नळ

पेडण्याकडे आडवा डीप फ्रीझर घेतात तो मासळीसाठी. १ जूनला ट्रॉलर किनाऱ्याला लागतात ते ३१ जुलैपर्यंत हलत नाहीत. ते ६१ दिवस खाऱ्या बांगड्यावर आणि सुक्या सुंगटांवर काढायची ज्यांची तयारी नसते, त्यांना या पेटीचाच आधार. माझ्या मामेभावाने मात्र तिला बिअरचा नळ बसवायचं मनावर घेतलं. तेही गोव्यात, जिथे घरातून हाक मारली तर बारवाल्याला ऐकू जाते! पण माणूस असले उद्योग तहान लागली म्हणून करतो, असं फक्त निरुद्योगी लोकांना वाटतं.

उद्योगात शास्त्र होतं, हे खरं. थंड हवा जड. उभ्या फ्रीजचं दार उघडलं की ती पायांवर सांडते, आडव्याचं झाकण उघडलं तरी तळाशी बसून राहते. पण आडव्याच्या भिंतींत गॅसच्या नळ्या फिरलेल्या असतात. ड्रिलचं टोक नको तिथे घुसलं की फ्रीझरचं कपाट झालं. म्हणून पेटी आणि झाकण यांच्यामध्ये लाकडी चौकट घालायची आणि भोकं तिला पाडायची. भावाने ती फणसाच्या लाकडाची करून घेतली. सुतार देव्हारा समजून कडेला कमळं कोरायच्या बेतात होता.

उणे १८ अंशांवर बिअरचा दगड होतो. तेव्हा ३-४ अंशांना कॉम्प्रेसर बंद करणारा वेगळा थर्मोस्टॅट आला. त्याचा सेन्सर नुसता लोंबत ठेवला तर झाकण उघडताच घाबरतो, पाण्याच्या बाटलीला चिकटवला की शहाण्यासारखा वागतो. मग १९ लिटरची स्टीलची पिंपं आली. ही मूळची अमेरिकेतल्या शीतपेयांची. कंपन्यांनी मोडीत काढली आणि घरी बिअर करणाऱ्यांनी उचलली. शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. नळ मात्र वर चौकटीत, जिथे थंडी पोचतच नाही, त्यामुळे पहिला पेला निव्वळ फेसाचा निघण्याची भीती. म्हणून तळाची गार हवा वर ढकलायला कॉम्प्युटरमधला जुना पंखा बसवला.

सगळं जमलं, तेव्हा वहिनीने विचारलं, "अहो, पण ह्यात घालणार काय?"

घरी बिअर आंबवायची तर अबकारी खातं आडवं येतं. विकतच्या बाटल्या फोडून पिंपात ओतायच्या म्हणजे द्राविडी प्राणायाम. भाऊ आठवडाभर मुका.

शेवटी काजूचा हंगाम धावून आला. डिचोलीकडच्या भट्ट्या पेटल्या आणि कॅनमधून हुर्राक आला. फेणी वर्षानुवर्षं थांबते, हुर्राक थांबत नाही. तो पावसाआधी संपवायचा. पण त्याला फेस नाही, मग नळ कशाला? भावाने पिंपात कोकम सरबत भरलं आणि त्यात गॅस सोडला. पेल्यात तळाला दोन बोटं हुर्राक, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली मिरची, आणि वरून नळाचं लालभडक, सळसळतं कोकम. पोरांना दुसऱ्या नळाचा निरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस. एरवी दुपार चढली की आंबायला लागणारा, तो संध्याकाळपर्यंत गोड राहिला. आयुष्यभर हुर्राकात बाटलीतला लिंबूसोडा ओतत आलेली मंडळीही तिसऱ्या पेल्याला गप्प झाली.

मे सरता सरता वहिनीने थर्मोस्टॅट स्वतःच्या हाताने उणे १८ वर नेला. पिंपं माळ्यावर गेली, बांगडे आत आले, नळ तेवढे शोभेला राहिले. भर पावसात सावंतवाडीचे व्याही आले. "वा! घरात बिअर?" म्हणत त्यांनी पेला धरला आणि दांडा ओढला. थेंब काही पडला नाही. आली ती गार झुळूक.

"बांगडे का?" व्याहीबुवांनी विचारलं आणि पेला खाली ठेवून ते सरळ पानावर बसले.