दर्यासारंग, पाचवा मजला

पुण्यातल्या ऑफिसांत टेबलावर काय ठेवायचं याचे संकेत ठरून गेलेले आहेत. एक बोटभर गणपती, पाण्यात उभी केलेली बांबूची तीन कांडं, मुलीने बालवाडीत आइस्क्रीमच्या काड्यांचा केलेला पेनस्टँड आणि कशाबद्दल मिळाला हे आता मिळालेल्यालाही आठवत नाही असा एक मग. एवढ्यात राहणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. हिंजवडीतल्या आमच्या मजल्यावर मात्र एक गृहस्थ आहे, त्याने टेबलावर समुद्र ठेवला आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, त्यावर आमचे पाच मजले. भरतीचं पाणी इथवर कधी आलं नव्हतं. त्याने ते आणलं. वीसच लिटर, पण आणलं.

ऑफिसात त्याला दर्यासारंग म्हणतात. नाव ठेवणाऱ्यांनी ते चेष्टेने ठेवलं होतं. त्याने ते पदवी म्हणून स्वीकारलं, आणि शिवाजी महाराजांच्या आरमारात हा हुद्दा होता, हेही वर आम्हालाच ऐकवलं. चेष्टेने मरणारी ही जात नव्हे. या जातीची आणखी माणसंही तुम्ही पाहिली असतील. कुणी ड्रॉवरमध्ये कॉफीच्या बिया दळतो, कुणी खिडकीत बोन्साय वाढवतो. पण कॉफी शिळी झाली तर टाकून देता येते, बोन्साय रविवारी एकटं राहतं. समुद्राला सुट्टी नसते.

कशासाठी हा उद्योग, असं विचारलं की तो डोळे अर्धवट मिटून सांगतो, ‘स्ट्रेस कमी होतो रे.’

सुरुवात झाली ती गेटवर. सिक्युरिटीच्या काकांना त्याच्या बॅगेत पांढऱ्या पावडरीची चार किलोची पिशवी सापडली. मीठ आहे, असं त्याने सांगितलं. चार किलो? हो. ऑफिसात? हो. मग हे मीठ खायचं नसतं, यात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम घातलं की समुद्र तयार होतो, हे सगळं त्याने गेटवर उभ्या उभ्या काकांना समजावलं. मागे रांग लागली. काकांनी रजिस्टरात ‘समुद्र (सुटा)’ अशी नोंद करून त्याला सोडलं.

त्यानंतरचा महिना-दीड महिना टाकीत फक्त पाणी आणि दगड होते. वर निळा दिवा. येणारा-जाणारा वाकून बघायचा आणि विचारायचा, ‘मासे कुठायत?’ दर्यासारंग सांगायचा, ‘सायकल चालू आहे.’ म्हणजे असं की नव्या पाण्यात घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. दगडावर वाढणारे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सोसतं. ही फौज उभी राहीपर्यंत आत मासा सोडायचा नाही. हे शास्त्र बिनचूक आहे आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण रोज सकाळी काचेच्या नळीत थेंब टाकून, ती उजेडाकडे धरून, रंग तक्त्याशी जुळवत उभा राहणारा माणूस पाहिला की नव्या क्लायंटला आमची पॅथॉलॉजी लॅब वाटायची. एक दिवस दगड तपकिरी झाला. आपल्या घरी असं झालं तर आपण घासणी शोधतो. हा आनंदाने ओरडला, ‘डायटम्स आले!’ आणि अमोनिया शून्यावर आला त्या दिवशी त्याने पेढे वाटले. अकाउंट्सच्या मॅडमनी पेढा घेतला, बायकोला कितवा महिना म्हणून चौकशी केली आणि बॅक्टेरिया झाल्याचं कळल्यावर तो पेढा हळूच टिश्यूत गुंडाळून ठेवला.

ही टाकी जेवढी लहान तेवढी नाजूक. दोनशे लिटरच्या टाकीत चूक विरघळून जाते, वीस लिटरमध्ये ती लगेच अंगावर येते. एसीच्या कोरड्या हवेत रोज पाव लिटरच्या आसपास पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, खारटपणा चढतो. म्हणून रोज गोडं पाणी घालून पातळी जागेवर आणायची. त्यासाठी काचेवर मार्करची एक रेघ आहे. ती रेघ ही दर्यासारंगाच्या आयुष्यातली लक्ष्मणरेषा. पाणी तिच्याखाली केसभर गेलं की त्याचं मीटिंगमध्ये लक्ष लागत नाही.

बरं, हे गोडं पाणी कुठलंही चालत नाही. टँकरच्या पाण्याचा तर विषयच नको. पॅन्ट्रीतल्या फिल्टरचं पाणी आपण सगळे पितो, त्याचा टीडीएस त्याने मोजला, चेहरा वाकडा केला आणि आमच्याकडे करुणेने पाहिलं. त्याच्या टँकला शून्य टीडीएस लागतो. तो घरून कॅन आणतो. त्याच्या कोळंबीच्या पाण्याला जो मान आहे तो आमच्या मजल्यावर व्हाइस प्रेसिडेंटच्या पाण्याला नाही.

यातूनच तांब्याचं प्रकरण घडलं. एका सोमवारी तो ट्रॅफिकमध्ये अडकला होता. आमच्या हाउसकीपिंगच्या मावशींनी पाहिलं, पाणी रेघेच्या खाली गेलंय, दादा तर आला नाही. बाई मायाळू. त्यांनी साहेबांच्या केबिनमधली तांब्याची बाटली उचलली आणि अर्धी टाकीत रिकामी केली. हा आल्यावर कौतुकाने सांगितलं, ‘दादा, चांगलं पाणी घातलंय बरं का. रात्रभर तांब्यातलं. पोटाला बरं असतं.’

मी माणसाचा चेहरा इतक्या वेगाने उतरताना पाहिलेला नाही. तांबं हे खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या रोगावर औषध म्हणून वापरतात, पण कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना ते विष. तो काही बोलला नाही. मावशींवर ओरडावं तर त्यांचा हेतू असा की ओरडणाराच पापी ठरावा. त्याने बॅग ठेवली, बाह्या सरसावल्या, टेबलाखालून राखीव समुद्राचा कॅन काढला, रबरी नळीने निम्मं पाणी काढून नवं भरलं, कोळशाची पुरचुंडी आत सोडली आणि दिवसभर खुर्ची उलटी फिरवून कोळंबीच्या मिशा हलतात का ते बघत बसला. त्या दिवशी आमची रिलीज होती. ती झाली नाही. कोळंबी जगली. संध्याकाळी मावशी येऊन म्हणाल्या, ‘साहेबांना तर डॉक्टरांनीच तांब्याचं सांगितलंय, आणि यांना चालत नाही?’ तेव्हापासून टाकीवर पाटी आहे: ‘कृपया पाणी, बिस्किट, आशीर्वाद यांपैकी काहीही आत घालू नये.’

आता आत काय आहे ते सांगायला हवं, कारण ते खरोखर सुंदर आहे आणि ते नाकारणं हा खोटेपणा होईल. दगडावर झोआ आहेत, शर्टाच्या बटणाएवढी, हिरवी-केशरी, कडेला झालर असलेली तोंडं. निळ्या उजेडात ती पेटल्यासारखी दिसतात आणि संध्याकाळी दिवा मावळला की मिटतात. काही झोआंत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय हा आत हात घालत नाही. ‘जहाल विष’ एवढेच शब्द ऐकून अकाउंट्सच्या मॅडमनी टेबल बदलून घेतलं. दोन मशरूम प्रवाळ आहेत, कानाच्या पाळीसारखे लोळलेले. एक गोगलगाय आहे. एखादा माहीतगार विचारतो, ‘फांद्याफांद्यांचं खरं कोरल नाही का ठेवलंस?’ की दर्यासारंग ताठ होतो. रीफ बांधणारी कठीण प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे जिथे वाघ आहे तिथे. बाळगणं गुन्हा. विकणारे विकतात, घेणारे घेतात, हा घेत नाही. या एका बाबतीत मी त्याला मनापासून मानतो. पण तो हे सांगायला वीस मिनिटं घेतो, आणि तोवर विचारणारा स्वतःच गुन्हेगार वाटू लागतो.

आणि आहेत ते दोघे, एक गोबी मासा आणि एक पिस्टल कोळंबी. ही जोडी निसर्गातच अशी राहते. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, पण ती दिवसभर बीळ खणते, वाळू बाहेर ढकलते, ढासळलं की पुन्हा खणते. गोबी काही करत नाही. तो बिळाच्या तोंडाशी उभा राहून इकडेतिकडे बघतो. कोळंबी आपली एक मिशी त्याच्या अंगाला टेकवून असते. धोका दिसला की तो शेपूट हलवतो आणि दोघं आत. हे ऐकल्यावर टीममधल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, मग मॅनेजरच्या केबिनकडे. त्या दिवसापासून गोबीला मॅनेजरच्या नावाने ओळखतात. मॅनेजरला हे ठाऊक नाही. तो जाता-येता टाकीपाशी थांबून म्हणतो, ‘याचं व्हिजन बघा कसं आहे.’

कोळंबीचा एक नांगा मोठा असतो. तो ती इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आणि आवाज येतो काच तडकल्यासारखा. ती हे आमच्या क्लायंट कॉलमध्ये करते. पलीकडून शिकागोवाला विचारतो, ‘एव्हरीथिंग ओके देअर?’ पहिल्यांदा आम्ही सगळे टेबलाखाली वाकून काचा शोधत होतो. आता कुणी पापणी हलवत नाही. फक्त क्लायंटने डेडलाइन अलीकडे आणायची भाषा सुरू केली आणि नेमकं तेव्हाच ‘फट्ट’ झालं की कोळंबीविषयीचा आदर वाढतो.

हळूहळू ऑफिस टाकीभोवती फिरू लागलं. आमच्याकडे एसीच्या रिमोटवरून वर्षानुवर्षं दोन पक्ष होते, स्वेटरवाले आणि घामवाले. टाकीला २५-२६ डिग्री मानवतं, एवढ्यावर तह झाला. एचआरची तीन सर्वेक्षणं जे करू शकली नाहीत ते गोगलगायीने केलं. यूपीएसवर आधी सर्व्हर येतो की टाकीचा पंप, यावर आयटीच्या पोराला त्याने असं काही पटवलं की ते पोर आता स्वतः शनिवारी येऊन बघून जातं. पेस्ट कंट्रोलची फवारणी असली की दर्यासारंग टाकीवर क्लिंगफिल्म लावून, एअरपंप बंद करून, शेजारी नाक दाबून उभा. मध्ये फॅसिलिटीने जागा बदलायला सांगितली, फक्त दहा फूट, पॅन्ट्रीशेजारी. त्याने मेल लिहिला. मुंबईत कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजीअलीची प्रवाळं २०२० मध्ये रीतसर परवानगी काढून, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली हलवली होती. आपल्याकडे अशी काय व्यवस्था आहे, कळवावे. फॅसिलिटीने कळवलं नाही. पॅन्ट्रीच दहा फूट सरकली.

एवढं सगळं होऊन त्याचा स्ट्रेस कमी झालाय का? मी त्याच्या शेजारी बसतो, म्हणून सांगू शकतो. टाकीकडे नुसता बघत बसलेला दर्यासारंग मी पाहिलेला नाही. बघतात ते आम्ही. तीन वाजता डोळे शिणले की सगळे एकेक करून येतात, झोआंची झालर हलताना बघतात, खांदे खाली सोडतात आणि जातात. तो मात्र तेव्हा अल्कलिनिटीचा तक्ता भरत असतो. साडेसातवरून आठवर गेली, का गेली? साहेबांचा मेल त्याने चार तास उघडला नाही तरी चालतं. कॅल्शियम चारशेच्या खाली गेलं तर चालत नाही. एक साहेब नकोसा झाला म्हणून त्याने दुसरा ठेवला, आणि हा दुसरा बोलत नाही, फक्त मरतो. दिवाळीत रजेवर जाताना त्याने हँडओव्हर दिला. प्रोजेक्टचा अर्धं पान. टाकीचा साडेचार पानं, त्यात ‘गोगलगाय उलटी पडल्यास’ असा स्वतंत्र परिच्छेद आणि खाली माझी सही.

दिवाळीनंतर ऑफिसची सहल तारकर्लीला गेली. बसमध्ये आम्ही त्याला चिडवून घेतलं, अरे आता खरा समुद्र बघ. पोहोचल्यावर सगळे लाइफ जॅकेटं घालून सिंधुदुर्गाच्या बाजूला स्नॉर्केलिंगला धावले. तिथे खडकांवर खरी, कायद्याने राखलेली प्रवाळं आहेत, वीस लिटरच्या बाहेरची. दर्यासारंग आला नाही. त्याची सिक्युरिटीच्या काकांशी व्हिडिओ कॉलची वेळ ठरलेली होती. काका फोन काचेला लावून एकेक दाखवत होते आणि हा म्हणत होता, ‘थोडं डावीकडे. नाही, तुमच्या डावीकडे.’

दुपारी होडीतून देवबागच्या संगमावर गेलो, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. पाऊस नुकताच सरलेला, ओहोटीची वेळ. सगळे सेल्फी काढत होते. याने खिशातून खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, होडीबाहेर वाकून बोटावर पाणी घेतलं, काचेवर थेंब सोडला, झाकण मिटलं आणि एक डोळा बारीक करून आभाळाकडे धरला. बराच वेळ धरला. मग काच पुसून पुन्हा मोजलं. त्याच्या कपाळावर तीच आठी आली जी पॅन्ट्रीच्या पाण्याला आली होती.

होडीवाला मघापासून बघत होता. ‘काय गावला?’

‘एक पॉइंट शून्य एकोणीस,’ दर्यासारंग म्हणाला. ‘पंचवीस पाहिजे. फार खाली आहे. हे पाणी बदलायला हवं.’

होडीवाल्याने एकदा त्याच्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं. ‘सांजेक भरती येतली. बदलतला आपोआप.’

दर्यासारंगाने वही काढली.

‘किती टक्के?’