एकशे आठ मण्यांचे नाना

आमच्या सोसायटीत पहाटे सव्वापाचला दोन आवाज सुरू होतात. एक पाण्याच्या पंपाचा, दुसरा नानांचा. पंप वीस मिनिटांत थांबतो.

"आब्लो, आब्लास, आब्ला. आब्लामोस, आब्लाइस, आब्लान."

गॅलरीत येरझारा घालत, हात पाठीमागे बांधून, डोळे अर्धवट मिटून. नवीन वॉचमनने पहिल्याच दिवशी खालून चपला काढून हात जोडले. त्याला हे कुठलंसं स्तोत्र वाटलं, आणि त्यात त्याची फारशी चूक नाही. नानांनी चौतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. 'रामः रामौ रामाः'ची चाल त्यांच्या गळ्यात मुरलेली. शब्द स्पॅनिश, चाल तीच. फक्त द्विवचन नाही, याची त्यांना रोज नव्याने हळहळ वाटते. "चार-पाचशे वर्षं अर्ध्या जगावर राज्य केलं, पण दोघांसाठी वेगळं रूप करायचं सुचलं नाही!"

आब्लार म्हणजे बोलणे. लिहिताना पुढे एच असतो, उच्चारात नसतो. पेठेतल्या जुन्या वाड्यातल्या खोलीसारखं: दारावर पाटी आहे, भाडेकरू अमेरिकेत.

परकी भाषा शिकणाऱ्यांच्या दोन जाती असतात. एक चार शब्द मिळाले की बाजारात शिरणारी. दुसरी तंबोरा लावण्यातच मैफल संपवणारी. नाना दुसऱ्या जातीचे कुलगुरू. मुलगी माद्रिदला, जावई तिथलाच, नातू चार वर्षांचा. त्याच्याशी बोलायचं म्हणून तीन वर्षांपूर्वी नानांनी स्पॅनिश हातात घेतलं. बोलण्यासाठी 'बोलणे' हे क्रियापद आधी यायला हवं, हे तर्काला धरून होतं. ते अजून तिथेच आहेत.

हॉलच्या भिंतीवर पूर्वी मुलीच्या पदवीदानाचा फोटो होता. तिथे आता पाठकोरे कागद चिकटवून केलेलं कोष्टक आहे. धातू लाल, प्रत्यय निळा, आघाताची तिरकी रेघ हिरवी. हिरव्या पेनचं महत्त्व त्यांनी मला उभं करून समजावलं.

"आता बघ. 'आ'वर जोर दिलास की आब्लो, म्हणजे मी बोलतो. तोच जोर 'ब्लो'वर दिलास की तो बोलला. एवढासा जोर सरकला आणि वर्तमानातला 'मी' भूतकाळातला 'तो' झाला." मग जरा थांबून म्हणाले, "निवृत्त झाल्यावर माणसाचं दुसरं काय होतं?"

त्यांच्या आयुष्यातला थोर दिवस म्हणजे रूपं मोजली तो दिवस. रात्री साडेदहाला माझी बेल वाजली. दारात नाना, हातात वही.

"निश्चयार्थाचे साधे काळ पाच. पुरुष तीन, वचनं दोन, म्हणजे पाच सक तीस. इच्छा-शंकेच्या अर्थाची साधी रूपमाला चार, सहा चोक चोवीस. झाले चोपन्न. यातल्या प्रत्येकाला 'आबेर' हे सहायक लावून एकेक संयुक्त जोडीदार. आणखी चोपन्न. बेरीज?"

"एकशे आठ."

नाना काही बोलले नाहीत. वही मिटून त्यांनी ती कपाळाला लावली.

"पण नाना, आज्ञार्थ राहिला की."

"तो मेरुमणी," नाना शांतपणे म्हणाले. "मोजायचा नाही आणि ओलांडायचाही नाही." आतून नानी म्हणाल्या, "अहो, लोकांची दारं वाजवू नका, आत या!" मेरुमणी न ओलांडता नाना आत गेले.

भाषेच्या इतिहासातही त्यांच्या तारखा वेगळ्या. 1492 म्हटलं की तुम्हाला आम्हाला कोलंबस आठवतो. नानांच्या मते कोलंबस 3 ऑगस्टला निघाला हे ठीकच, पण खरी घटना त्यानंतर पंधरा दिवसांनी घडली. 18 ऑगस्टला सालामांकात आंतोनियो दे नेब्रिखाचं कास्तिलियन भाषेचं व्याकरण छापून झालं. "एक भारत शोधायला निघाला आणि भलतीकडे पोचला. दुसरा घरी बसला आणि अचूक पोचला. आपल्या दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण यायला 1836 उजाडावं लागलं." घरी बसून अचूक पोचणं हा नानांचा जीवनादर्श आहे.

काळांची नावं हा घरातल्या तंट्याचा विषय. स्पॅनिशमध्ये भूतकाळाला 'प्रेतेरितो' म्हणतात. आंद्रेस बेयो या व्हेनेझुएलात जन्मलेल्या व्याकरणकाराने एकोणिसाव्या शतकात या नावांची नव्याने मांडणी केली. त्यात 'बोलला होता'च्या काळाचं नाव 'आन्तेकोप्रेतेरितो'. एका शनिवारी तिन्हीसांजेला नानांनी तो शब्द खणखणीत उच्चारला. नानी देवापाशी निरांजन लावत होत्या.

"दिवेलागणीला कोप काय, प्रेत काय! शुभ बोला जरा."

"अगं, प्रेतच आहे ते!" नानांचा चेहरा उजळला. "प्र अधिक इत, प्रेत. पुढे निघून गेलेला. त्यांच्या लॅटिनमध्येही तेच. प्रेतेर अधिक इतुस, पलीकडे निघून गेलेला. 'इ' म्हणजे जाणे, धातू एकच! आपण म्हणतो भूत, ते म्हणतात प्रेत. एकाच घरातले दोघे."

नानींनी निरांजन जरा पुढे सरकवलं.

नानांच्या भक्तीचा परमावधी मात्र त्या इच्छा-शंकेच्या अर्थात, म्हणजे सुब्खुन्तिवोत. 'तू बोलतोस' याला आब्लास. 'तू बोलावंस असं मला वाटतं' यातलं 'बोलावंस' म्हणजे आब्लेस. आ जाऊन ए आला की झालं. याउलट 'कोमेर', म्हणजे खाणे, त्यात मुळात ए असतो. 'कोमेस' म्हणजे खातोस, 'कोमास' म्हणजे खावंस. इथे ए जाऊन आ येतो. "आ-वाल्यांनी ए घेतला, ए-वाल्यांनी आ घेतला. दोन घरांतलं साटंलोटं आहे, साटंलोटं!" आणि हे सांगताना त्यांचा आवाज कापरा होतो. कारण पाणिनीने दहा लकारांतला लेट् हा एक लकार फक्त वेदांपुरता ठेवला. चौतीस वर्षं नाना मुलांना सांगत आले, हा परीक्षेला नाही, सोडून द्या. "आणि तिकडे त्याचा भाऊबंद जिवंत आहे रे! माद्रिदच्या मंडईत बायका भोपळा घेताना वापरतात!"

याच अर्थाचा एक भविष्यकाळही आहे, 'आब्लारे'. तो आता कायद्याच्या कलमांत आणि म्हणींत तेवढा उरलाय. बोलण्यात कोणी वापरत नाही. नानांनी त्यावर सहा आठवडे दिले. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, हे इथे कुणालाही लागत नाही." नानांनी तिला म्हण ऐकवली: आदोंदे फुएरेस, आस लो के बिएरेस. जाशील तिथे, बघशील तसं कर. म्हणजे आपलं देश तसा वेश. दोन्ही क्रियापदं त्याच मेलेल्या काळातली. मुलगी म्हणाली, "मग करा ना इथल्यासारखं, बोला!" नाना म्हणाले, "तयारी होऊ दे."

गेल्या डिसेंबरात परीक्षा दारात आली. विहीणबाई माद्रिदहून आल्या. रात्री अडीचला मुंबईला उतरून, गाडीने सकाळी सातला पुण्यात. मलाही बोलावलं होतं. स्वागताचं वाक्य नानांनी आठवडाभर आधी पक्कं केलं होतं: प्रवास नीट झाला ना? त्यासाठी 'बियाखार', प्रवास करणे, हे सालस, नियमित क्रियापद निवडलेलं. दारात विहीणबाई, हातात बॅग, चेहऱ्यावर हसू. नानांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

घोळ असा होता. स्पेनच्या रिवाजात आज घडलेल्या गोष्टीला 'आ बियाखादो' म्हणतात, काल घडलेल्या गोष्टीला 'बियाखो'. विमान सुटलं काल. उतरलं घड्याळाप्रमाणे आज. पण पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणजे रात्री अडीच हा कालच. बरं, टॅक्सीचा प्रवास धरला तर सूर्योदय पुण्याच्या वेशीवर झाला. नाना शोकेसला टेकून उभे राहिले. ओठ हलत होते.

तोवर नानी पुढे झाल्या. त्यांनी मुलीकडून फोनवर अवघे चार शब्द घेतले होते. "सिएन्तेसे," त्या म्हणाल्या. बसा. विहीणबाई बसल्या. अंघोळी-पांघोळी झाल्या, पानं मांडली. "तोमे." घ्या. विहीणबाईंनी घेतलं. "कोमा." खा. मी दचकलो, पण विहीणबाई आनंदाने खाऊ लागल्या. "मास?" आणखी? हा प्रश्न असतो, हे नानींना कोणी सांगितलं नव्हतं. पुरणपोळीवर पुरणपोळी, त्यावर तुपाची धार.

तिसऱ्या पोळीला विहीणबाईंनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. "बास्ता! बास्ता!"

स्पॅनिशमध्ये बास्ता म्हणजे पुरे. नानींना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पोरीचं लग्न तिकडे नोंदणीने उरकलं, बस्ता बांधायचा राहिला, हे शल्य त्यांनी सहा वर्षं उरी बाळगलेलं. आज खुद्द विहिणीने आपण होऊन विषय काढला. नानी पदराला हात पुसत आत गेल्या आणि कपाटातली मोरपिशी पैठणी आणून विहीणबाईंच्या ओटीत घातली. विहीणबाईंनी आधी पैठणीकडे पाहिलं, मग नानींकडे. मग दोघीही रडल्या. त्याला कुठलाच काळ लागला नाही.

या सगळ्यानंतर, पानं उचलून झाल्यावर, नाना शोकेसपासून सुटले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आ बियाखादो. नक्की."

त्या दिवसानंतर नाना जरा खचले. कोष्टकासमोर उभे राहत, पण पेन उघडत नसत. एकदा मला म्हणाले, "हिला एक मेरुमणी पुरला. मी एकशे आठ घेऊन बसलो."

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे होतो. रात्रीचे आठ, माद्रिदला दुपार कलत होती. फोनच्या पडद्यावर नातू जमिनीवर बसून गाडीचं चाक काढत होता. मुलीने त्याला काहीतरी विचारलं. पोरगं मान न वळवता म्हणालं, "नो साबो."

"नो से," मुलीने दुरुस्त केलं. "बाबा, अजून शिकतोय तो. 'मला माहीत नाही'ला साबो म्हणतो."

नाना ताडकन सरळ बसले. "चुकला कुठे? साबेर धातू. कोमेरचं कोमो होतं, तसं साबेरचं साबो! पोरगं नियमाने बोलतंय, चुकतेय ती भाषा." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "या क्रियापदाच्या वर्तमानात तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, सगळे नियमाने वागतात रे. एकटा 'मी' तेवढा वाकडा. आणि क्रियापद कुठलं, तर 'माहीत असणे'!"

पडद्यावर नातवाचा चेहरा पडला होता. आईने चूक काढली म्हटल्यावर चाक बाजूला टाकून तो गप्प झाला होता. नाना त्याच्याकडे बघत राहिले. 'से' त्यांना झोपेत विचारलं तरी आलं असतं. भिंतीवर वेगळ्या कागदावर लाल शाईत लिहिलेलंही होतं. त्यांनी घसा साफ केला. गेल्या तीन वर्षांत कुठल्याही जिवंत माणसाला उद्देशून त्यांनी स्पॅनिशमध्ये काढलेलं हे पहिलं वाक्य.

"यो ताम्पोको साबो."

मलाही माहीत नाही. आणि तेही चुकीचं, जाणूनबुजून, नातवाच्या व्याकरणाने.

पोरगं खदखदून हसलं. पडद्याला नाक लावून काहीबाही सांगू लागलं, चाकाचं, मांजराचं, आणखी कशाचं. नाना मध्ये मध्ये काहीतरी म्हणत होते. धातू एका काळात, प्रत्यय दुसऱ्या. मुलीने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. फोनची बॅटरी संपेपर्यंत हे चाललं.

पडदा काळा झाल्यावर नाना थोडा वेळ तसेच बसून होते. स्वयंपाकघरातून ताट ठेवल्याचा आवाज आला.

"कोमा," नानी म्हणाल्या.

नाना मुकाट्याने उठले आणि जेवायला बसले.